ताटाजवळची सुरी

महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा इतिहास यावा, धर्मगुरूंचीं नांवें यावीं, देवळाच्या बांधकामाचा हिशेब यावा, हें योग्यच आहे. आम्हीं मात्र या पानांवर एका अगदीं लहान वस्तूचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे जेवणाच्या टेबलावर, ताटाच्या उजव्या बाजूस, दांतेरी पात्याची जी एक सुरी मांडलेली असते ती. इंग्रज लोक तिला ‘स्टेक नाइफ’ म्हणतात. स्टेक म्हणजे जनावराच्या मऊ मांसाचा बोटभर जाड असा अखंड तुकडा. तो विस्तवावर भाजून तसाच ताटांत वाढतात, आणि कापून खाण्याचें काम जेवणाऱ्यावर सोंपवितात.

नांदेड-लातुराकडचीं आमचीं मुलें आतां हॉटेलचें शिक्षण घेण्यास पुण्यास व हैदराबादेस जातात. कोणी आखाती देशांत चाकरीस राहतात. सुटींत घरीं आलीं म्हणजे त्यांपैकीं एखादा आम्हांस हळूच विचारतो, ‘फादर, ती सुरी नेमकी कशी धरावयाची?’ प्रश्न साधा आहे. परंतु विचारणाऱ्याच्या स्वरांत जो संकोच असतो तो साधा नाहीं. आपले आजे-पणजे गांवकुसाबाहेर राहिले, म्हणून आपणांस टेबलाची रीत येत नाहीं, असें त्यास कोठें तरी वाटत असतें. आमचें म्हणणें असें कीं, या सुरीची कुळकथा ज्यास समजली त्यास तिच्यापुढें संकोचण्याचें कारण उरत नाहीं. कारण मांसावर पातें चालविण्याची विद्या त्याच्या आजा-पणजांस टेबलावरील साहेबाहून अधिक येत होती.

प्रथम आपल्या घरांतील पात्यांकडे पाहूं. मराठी घरांत धारेची वाण नाहीं. स्वयंपाकघरांत विळी आहे, खाटकाकडे सत्तूर व सुरा आहे, शेतांत विळा व कोयता आहे, पानाच्या तबकांत अडकित्ता आहे, आणि घोड्यावर बसलेल्या नवरदेवाच्या हातीं लिंबू टोंचलेली कट्यारही आहे. सुरी हा शब्द संस्कृत क्षुरिकेपासून आला. चाकू हा तुर्की-फारशीच्या वाटेनें आपल्याकडे उतरला. इतकें असूनही यांतील एकही पातें जेवणाऱ्याच्या ताटापाशीं येत नाहीं. विळीचें पातें तर पाटास खिळलेलें असतें; बाई पाट पायानें दाबून बसते आणि हलते ती भाजी, पातें नव्हे. मांस असो, कांदा असो, जें कापावयाचें तें चुलीवर चढण्यापूर्वींच कापून झालेलें असतें. ज्वारीची भाकरी आपण मोडतों, कापीत नाहीं. जेवणाऱ्याचा हात व दांत यांपलीकडे ताटांत हत्यार लागत नाहीं.

युरोपियन रीतींत व आपल्या रीतींत भेद हा इतकाच आहे. आपल्याकडे शेवटचा काप दुसऱ्याच्या हातचा असतो, त्यांच्याकडे तो खाणाऱ्याच्या हातचा. आपल्या ख्रिस्ती घरांत एक सुरी मात्र पाहुण्यांसमोर येते, ती लग्नाच्या केकची, मुठीस रिबन बांधलेली. परंतु छायाचित्र निघालें कीं तीही आंत जाते, आणि केकचे तुकडे दुसरेंच कोणी तरी करून तबकांतून फिरवितें. मराठी माणसाची संवय अशी सहजासहजीं सुटत नाहीं.

आतां युरोपकडे वळूं. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं मठवासीयांसाठीं जे नियम लिहिले त्यांत सुरी दोन वेळां येते. पंचावन्नाव्या प्रकरणांत, मठाधिपतीनें प्रत्येक बंधूस काय काय द्यावें याची यादी आहे; झगा, पायताण, कमरपट्टा, लेखणी, सुई, रुमाल यांच्याच ओळींत सुरी आहे. बाविसाव्या प्रकरणांत सांगितलें आहे कीं, रात्रीं निजतांना ही सुरी कमरेस ठेवूं नये, झोंपेंत इजा होईल. यावरून दिसतें कीं, त्या काळीं सुरी ही टेबलाची वस्तु नसून माणसाची वस्तु होती. जो तो आपली सुरी कमरेस बाळगी, तिनेंच दोर कापी, तिनेंच लेखणी तासी आणि तिनेंच जेवी. पुढें कित्येक शतकें मोठ्या मेजवान्यांतही यजमान सुरी देत नसे; पाहुणा आपली आणी, आणि तिच्या टोंकानें मांसाचा तुकडा टोंचून तोंडांत घाली.

टोंचण्याचें हें काम पुढें काट्यानें हिरावून घेतलें. काटा आला तेव्हां त्याची निंदाच झाली. अकराव्या शतकांतील संत पीटर डेमियन यांनीं व्हेनिसच्या अधिपतीच्या बायझंटाइन राणीवर जे ताशेरे झाडिले, त्यांत ती बोटांनीं न जेवतां सोन्याच्या दुबोटी काट्यानें जेवते हा एक आरोप होता. बोटें परमेश्वरानें दिलीं असतां काटा कशास, असा त्या काळच्या भाविकांचा प्रश्न होता; आणि हातानें जेवणाऱ्या आपणां मंडळींस तो अगदींच मूर्खपणाचा वाटूं नये. असो. काटा इटलींतून सावकाश पसरला, आणि तो पसरला तसतसें सुरीच्या टोंकाचें प्रयोजन उरलें नाहीं. फ्रान्सचा प्रधान कार्डिनल रिशल्यू याची एक आख्यायिका सांगतात. एका पाहुण्यानें जेवणानंतर सुरीच्या टोंकानें दांत कोरले, त्याची किळस येऊन कार्डिनलनें आपल्या घरच्या सर्व सुऱ्यांचीं टोंकें गोल घासविलीं. आख्यायिका खरी असो वा नसो, चौदाव्या लुईनें १६६९ सालीं टोंकदार सुऱ्यांस मनाई केली ती कोणाच्या दांतांसाठीं नव्हे, भांडणांत टेबलावरची सुरी पोटांत जाऊं नये म्हणून. आपल्याकडे सुरी एकमेकांच्या हातांत देऊं नये, खालीं ठेवावी, नाहीं तर भांडण होतें, असें बायका म्हणतात. तिकडे कोणीं सुरी भेट दिली तर मैत्री तुटूं नये म्हणून मोबदल्यांत एक नाणें देतात. पात्याची भीति दोन्हीकडे सारखीच.

अशा रीतीनें टेबलावरील सुरी गोल टोंकाची व सौम्य झाली. तिचें मोठें माहेरघर इंग्लंडांतील शेफील्ड. चौदाव्या शतकांतील चॉसर कवीच्या एका कथेंतील गिरणीवाल्याजवळही शेफील्डचीच सुरी आहे, आणि तेथील कारागिरांचा संघ १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झाला. परंतु जुन्या पोलादास एक खोड होती. लिंबू किंवा सिरका लागला कीं तें काळें पडे, अन्नास लोखंडाची चव येई, आणि नोकरांस रोज पातीं घासून परजावीं लागत. १९१३ सालीं याच शेफील्ड शहरांत हॅरी ब्रिअर्ली यानें क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद तयार केलें, आणि नोकरांची घासणी सुटली. धार मात्र बोथट राहूं लागली. गोल, बोथट, चकचकीत सुरीनें भाजी व मासळी कापतां येई. भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा तिला ऐकेना. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः अमेरिकेंत, मांसापुरती एक वेगळी टोंकदार व बहुधा दांतेरी सुरी पुनः टेबलावर आली. तीच ही आपली स्टेकची सुरी. राजानें जिला घालवून दिलें ती सुमारें तीनशें वर्षांनीं मागल्या दारानें परत आली असें म्हणावयास हरकत नाहीं.

यांतच फ्रान्समधील लागिओल नांवाच्या गांवाचाही उल्लेख केला पाहिजे. तेथें एकोणिसाव्या शतकापासून गुराख्यांसाठीं मिटणारे चाकू बनूं लागले. कांहीं चाकूंच्या मुठीवर लहान खिळ्यांचा क्रूस असतो. रानांत देऊळ नसल्यामुळें गुराखी चाकू भाकरींत किंवा मातींत उभा रोंवून त्या क्रूसापुढें प्रार्थना करीत, असें तिकडे सांगतात. आज त्याच घडणीच्या सुऱ्या मोठमोठ्या हॉटेलांत स्टेकबरोबर मांडतात. म्हणजे श्रीमंतांच्या टेबलावरची ही मानाची सुरी मूळची गुराख्याची. हें आमच्या मुलांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

आतां मांसाकडे येऊं, कारण सुरीचें मर्म मांसांत आहे. स्टेक हा शब्दच मुळीं उत्तरेकडील नॉर्स भाषेंतला. काठीस टोंचून भाजलेलें मांस असा त्याचा अर्थ. तो तुकडा कमरेजवळच्या, फारसे कष्ट न करणाऱ्या स्नायूंचा असतो, आणि जनावरही कोंवळें, खास मांसासाठीं पोसलेलें लागतें. आमच्या भागांतलें गोधन याच्या अगदीं उलट. लातूर जिल्ह्याची देवणी जात घ्या. तिच्यांत पाठीवर वेडेवांकडे ठिपके असलेला शेवरा, तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा, पांढऱ्या अंगाचा बालंक्या असे प्रकार शेतकरी नांवानें ओळखतो. नांदेड जिल्ह्यांतील कंधारची लाल कंधारी घ्या. हाळी-हंडरगुळीच्या बाजारांत किंवा माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत या जनावरांचें मोल ठरतें तें मानेवर व खांद्यावर; मांसावर नव्हे. हा बैल पुष्कळ वर्षें औत ओढी, मोट ओढी, गाडी ओढी, आणि मगच मरे. अशा जनावराच्या मांसाचा स्टेक करूं म्हटलें तर शेफील्डची सुरी मोडेल!

तें मांस गांवकुसाबाहेरच्या वस्तींत जाई. मेलेलें ढोर ओढून नेणें हें महारांच्या बलुत्याचें काम होतें, आणि त्याचें मांस घरोघरच्या वाट्यांप्रमाणें वांटलें जाई. कोणाचा वाटा कोणता हें ठरलेलें असे. एका दिवसांत इतकें मांस खाऊन संपत नसे, म्हणून त्याच्या लांब पातळ पट्ट्या कापून त्या उन्हांत दोरीवर वाळत घालीत. त्यांस चान्या म्हणत. चानी कापणें हें सोपें काम नव्हे. पट्टी जाड राहिली तर वरून वाळते व आंतून नासते. फार पातळ केली तर दोरीवरून तुटून पडते. एका जाडीची साधली तरच ती पावसाळ्यापर्यंत टिकते आणि निखाऱ्यावर भाजून किंवा डाळींत घालून खातां येते. ज्या हातांनीं अशी पट्टी दररोज साधली त्या हातांस आज आम्ही अडाणी म्हणावें काय? शाहू पाटोळे यांनीं २०१५ सालीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हें पुस्तक प्रसिद्ध करून मराठवाड्यांतील महार व मांग समाजांच्या या पाकविद्येची नोंद केली, त्यापूर्वीं छापील पाकशास्त्रांत तिला जागाच नव्हती.

आमच्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांचे पूर्वज याच वस्त्यांतून आले. तें लपविण्यांत अर्थ नाहीं. आणि त्या जेवणाचें गोडवे गाण्यांतही नाहीं. तें पोट भरण्याचें साधन होतें, आणि त्याच बरोबर तें गळ्यांतलें लोढणें होतें. मृतमांस खातात म्हणून अस्पृश्य, आणि अस्पृश्य म्हणून दुसरें कांहीं मिळत नाहीं, असा तो फेरा होता. मार्च १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं मृतमांस सोडण्याचा स्पष्ट उपदेश केला, तो हा फेरा तोडण्यासाठीं. ज्यांनीं उपाशी राहून तो वाटा नाकारला त्यांचा त्याग आम्हांस एखाद्या उपासाहून कमी वाटत नाहीं.

याच काळाचें दुसरें चित्र पाहावें. नांदेड जिल्हा आणि तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडणारें लातूर हीं सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतीं. लातूर हा निराळा जिल्हा १९८२ सालीं झाला. राजधानी हैदराबादेंत सर विकार-उल-उमरा यांनीं फलकनुमा महाल बांधिला, तो पुढें निजामानें घेतला. तेथील भोजनगृहांत एकशें एक पाहुणे एकाच टेबलास बसूं शकतात. व्हाइसरॉय येत, युरोपियन राजघराण्यांतील पाहुणे येत, आणि प्रत्येकापुढें सुऱ्या-काट्यांची ओळ मांडली जाई. राज्य एकच. त्या टेबलावर जो मांसाचा तुकडा सुरीनें कापून खाई तो सभ्य. लातुराकडच्या एखाद्या खेड्याच्या शिवेवर जो मांसाची पट्टी सुरीनें कापी तो विटाळाचा. पातें दोहोंकडे पोलादाचेंच होतें. भेद होता तो कापणाराच्या जन्माचा, कौशल्याचा नव्हे.

नांदेडकरांस आणखी एक पातें ठाऊक आहे. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग यांनीं नांदेड येथें देह ठेविला. तेथील तख्त सचखंडाची आजची वास्तु महाराजा रणजितसिंग यांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविली. शीख बांधवांच्या रीतीप्रमाणें कडाह प्रसाद वांटण्यापूर्वीं त्यास किरपाणीचा स्पर्श करितात. पातें अन्नास लागतें, परंतु कोणाचा घास तोडण्यासाठीं नव्हे. नंतर लंगरांत सर्व जातींचे लोक एका पंक्तींत जमिनीवर बसून हातानें जेवतात. आपल्या उपासनेंत याहून निराळी गोष्ट आढळते. आपल्या लॅटिन विधींत धर्मगुरु भाकर हातानें मोडतो, वेदीवर पातें मुळींच नसतें. पूर्वेकडील बायझंटाइन विधींत मात्र भाकर भाल्याच्या आकाराच्या लहान सुरीनें कापतात, आणि तो भाला प्रभूच्या कुशींत शिरलेल्या भाल्याची आठवण देतो. शलमोनाच्या नांवावर असलेल्या नीतिसूत्रांत तर राजाच्या पंक्तीस बसलेल्या खादाडानें सुरी आपल्याच गळ्यास लावावी असा कडक उपदेश आहे! तेव्हां सुरी टेबलावर कशी ठेवावी याचा विचार शास्त्यांनीं व संतांनीं पूर्वींपासून केला आहे.

आजची स्थिति थोडक्यांत सांगतों. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी केली. २०१५ सालीं त्याच्या दुरुस्तीस राष्ट्रपतींची संमति मिळून बैल व वळू यांसही ती लागू झाली. म्हैस-रेड्यांवर अशी सरसकट बंदी नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें ६ मे २०१६ रोजीं ही बंदी उचलून धरिली, परंतु परराज्यांत कायद्यानें कापलेलें मांस जवळ बाळगणें हा गुन्हा ठरविणारें कलम रद्द केलें. म्हणून महाराष्ट्रांत स्टेक मागितला तर म्हशीचा, कोंबडीचा किंवा मासळीचा मिळतो. कांहीं ठिकाणीं पनीरचाही स्टेक देतात व त्याजवळही दांतेरी सुरी मांडतात, तें पाहून हसूं येतें. पनीर कापण्यास चमच्याची कड पुरे.

आतां मुलांच्या मूळ प्रश्नाचें उत्तर. सेमिनरींत आम्हांसही सुरी-काटा धरण्यास शिकविलें होतें, जरी त्या सुरीच्या योग्यतेचें मांस ताटांत क्वचितच येई. सुरी उजव्या हातांत, मूठ तळहातांत, तर्जनी पात्याच्या पाठीवर मुठीजवळ. काटा डाव्या हातांत, दांत खालीं करून. त्यानें मांस स्थिर धरावें. मांसाचे तंतु कोणत्या दिशेस धांवतात तें आधीं पाहावें आणि त्यांस आडवें कापावें, म्हणजे घास मऊ लागतो. तंतूंच्या बाजूनें कापलें तर सुतळी चघळल्यासारखें होतें. चानी कापणाऱ्या कोणाही आजीस तंतु ओळखावयास शिकवावें लागलें नसतें. सुरीवर जोर देऊं नये, ती ओढीत न्यावी. दांतेरी पात्यास तर दाब मुळींच नको. सपाट पात्याचा काप अधिक स्वच्छ होतो, परंतु चिनी मातीचें ताट पोलादाहून कठीण असल्यामुळें तें लवकर बोथटतें. दांतेरी पात्यांत दांतांची टोंकेंच ताटास लागतात आणि मधल्या खांचांची धार शाबूत राहते. हॉटेलवाले दांतेरी सुरी पसंत करितात त्याचें कारण हेंच.

एका वेळीं एकच घास कापावा. सगळा तुकडा आधींच चिरून ठेवला तर तो निवतो व रस ताटांत वाहून जातो. अमेरिकन लोक कापून झाल्यावर सुरी खालीं ठेवून काटा उजव्या हातांत घेतात; तीही रीत मान्य आहे, एका टेबलावर एक धरावी म्हणजे झालें. सुरी तोंडांत घालूं नये, आणि बोलतांना ती हातांत नाचवूं नये. टेबल मांडतांना धार नेहमीं ताटाकडे वळवावी, शेजाऱ्याकडे नव्हे. विळी वापरून झाली कीं तिचें पातें मिटून भिंतीशीं ठेवणाऱ्या घरांत हें दोनदां सांगावें लागत नाहीं. जेवण संपलें कीं सुरी व काटा शेजारीं शेजारीं ताटांत आडवीं ठेवावीं, म्हणजे वाढप्यास न विचारतां समजतें.

आणि त्याच टेबलावर डाव्या हातास एका लहान बशींत पाव ठेवलेला असतो. त्यास सुरी लावूं नये. मोठमोठ्या मेजवान्यांतही तो हातानेंच मोडतात, आपल्या भाकरीप्रमाणें.